खिडकीतली प्लेट

श्रावणीने काळा कागद टरकावला. पहिली प्लेट कोरी. दुसरी कोरी. तिसरीही.

"आता खिडकीतल्या बघ," शेफाली म्हणाली. "हरलीस तर चहा तुझ्याकडून."

तीन आठवड्यांपूर्वी भोरच्या याच प्रयोगशाळेत श्रावणी प्लेटांवर पसरलेल्या यीस्टच्या पेशींना अतिनील किरण देत होती. त्या किरणांनी डीएनएला गाठी पडतात. गाठी काढणारी नेहमीची प्रथिनं या यीस्टमध्ये ठेवलीच नव्हती, म्हणून पेशी मरायलाच हव्या होत्या. किरण दिले की प्लेट लगेच काळ्या कागदात गुंडाळायची. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. शेवटची प्लेट हातात असताना भाटघरहून, घरून फोन आला, दादा, तिचे वडील, गेले. प्लेट तशीच खिडकीत ठेवून ती घरी धावली.

वडिलांचं तेरावं उरकून परतली, तर त्या प्लेटवर जिवंत पेशींच्या पुंजक्यांसारखे पांढरे ठिपके दाटलेले. "घाण पडली असेल, फेक," शेफाली म्हणाली होती. श्रावणीने किरण देऊन नव्याने सहा प्लेटा केल्या. तीन कागदात, तीन खिडकीच्या काचेमागे.

तिने खिडकीतली पहिली उचलली. ठिपके. दुसरीवर ठिपके. तिसरीवर तर मोजता येईनात.

"अगं, उजेडावर चालणारं प्रथिन!" ती जवळजवळ ओरडलीच. "पुस्तकात एका ओळीत वाचलं होतं. ते पेशींत होतंच की! उजेड मिळाला, आणि त्यानं गाठी सोडवल्या. आपणच त्यांना अंधारात कोंडत होतो!"

"म्हणजे चहा माझ्याकडून," शेफाली हसली.

श्रावणीचं बोट सवयीने दादांच्या नंबरवर गेलं. प्रत्येक प्रयोगानंतर ते विचारायचे, "जगली का गं तुझी लेकरं?" घरात आवाज तुटायचा, म्हणून अंगणात उन्हात उभे राहून बोलायचे. दादा गेल्यापासून आई मधल्या खोलीतून बाहेर आली नव्हती. दार लोटलेलं. कुणाशी धड बोलणंही नाही.

नंबर लागल्यावर दादा आता नाहीत हे तिच्या ध्यानात आलं. ती फोन कापणार, तोच पलीकडून फोन उचलला गेला. आईने.

"आई, जगली! उजेडात ठेवलेली सगळी..."

"काय म्हंतीस? तुझं... येत न्हाई... थांब."

दार करकरलं. मग चपलांचा आवाज. कोंबड्या फडफडल्या.

"हां, बोल आता," आईचा आवाज लख्ख आला. "लई ऊन हाय हितं, पर समदं ऐकू येतंय. कोण जगलं म्हनलीस?"