विसरलेलं भिंग

भिंग डेस्कवरच राहिलंय, हे प्रमोदिनीच्या ध्यानात आलं तेव्हा शरच्चंद्र किहीम सोडून कधीचा गेला होता. परवा दुपारी बोर्ली पंचतनच्या शाळेत तपासणीचे साहेब येणार, सगळ्या शाळेचा फोटो निघणार, आणि ह्याचा कॅमेरा म्हणजे बिनभिंगाचं नुसतं खोकं.

शरच्चंद्र असाच धांदरट आणि कामाला वाघ. ना दुकान, ना मालक. वाडीतली एक खोली अंधारी करून घेतलेली, बाकी सगळा पसारा खांद्यावर. आज अलिबागेत वकिलांचा ग्रुप, उद्या रेवदंड्याला मुंज, मध्येच कुणी म्हातारा गेला की त्याला पगडी घालून, खुर्चीत बसवून शेवटचा फोटो. घरी यायचा तो पाहुण्यासारखा. काढलेल्या फोटोंच्या काचांची पेटी बायकोपुढे ठेवायचा आणि झोपायचा.

त्या काचांवर टोकदार पेन्सिलीनं उपवर मुलींच्या तोंडावरचे देवीचे व्रण बुजवायचे, हे प्रमोदिनीचं काम. निम्म्या तालुक्यातल्या मुली हिच्या पेन्सिलीनं उजवल्या, असं तो थट्टेनं म्हणे.

तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर देवीनं हात मोकळा सोडला होता. तीनेक वर्षांपूर्वी त्यानं एकदाच तिला शालू नेसवून, नथ घालून फोटोला बसवलं. ती काच मात्र तिच्या हाती दिली नाही. स्वतःच पेन्सिल घेऊन बसला. फोटो मोठा करून चौकटीत घातला तेव्हा शेजारच्या वेणूबाईंनी विचारलं होतं, "ही कोण गं?" प्रमोदिनी हसली होती, पण मनातून दुखावलीही होती. खाडीपलीकडची गिऱ्हाइकं नमुना मागतात म्हणून तो फोटो त्यानं बरोबर नेला, तो तिकडेच राहिला.

तेव्हापासून बोर्लीकडचं काम वाढलं. तिथे तो धर्मशाळेत उतरे, हातानं भात शिजवून खाई. प्रमोदिनीला वाईट वाटे. दर खेपेला ती लिंबाच्या लोणच्याची बरणी बांधून देई आणि बरणी रिकामी परत येई. ह्या वेळी निघताना तो म्हणाला होता की साहेब खूश झाले तर जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा मिळतील, मग अलिबागेत स्टुडिओ टाकू आणि ही वणवण संपेल. नवरा रोज संध्याकाळी घरी येईल, ह्याहून दुसरं काही तिला नको होतं. आणि ते सगळं आता ह्या पितळी नळीतल्या भिंगावर येऊन ठेपलं होतं.

वेणूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी श्रीवर्धनला निघाल्या होत्या, त्यांची सोबत मिळाली. मोटार, होडी, पुन्हा गाडी, वाटेत एका रात्रीचा मुक्काम असं करत दोघी आगरदांड्याला पोचल्या आणि तरीनं खाडी ओलांडून दिघीला उतरल्या. सारी वाट प्रमोदिनीनं भिंग पदरात गुंडाळून पोटाशी धरलं होतं. बोर्लीच्या बाजारात वेणूबाईंनी तिला उतरवलं आणि गाडी पुढे गेली.

धर्मशाळेच्या दाराला गंजकं कुलूप होतं. बिचारे शाळेतच पथारी टाकत असतील, असं मनाशी म्हणत ती शाळेच्या रस्त्याला लागली. पारावरच्या एका माणसाला तिनं विचारलं.

"शाला व्हय? ती काय समोर. पण सायेब दुपारच्याला येनार हाय, आता कोन न्हाय तिथं," तो म्हणाला.

वेळ होता. तिच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात बाजूच्या घराच्या ओटीवरून एक तरुण बाई लगबगीनं खाली आली. हिच्या कपाळावरचं कुंकू आणि हातातला चुडा तिनं आधी पाहिला, मग जात, गोत्र विचारून घेतलं. ती अनुसूया. आज अविधवा नवमी, घरातल्या गेलेल्या सवाष्णीच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, आणि सांगितलेली बाई ऐनवेळी अडचणीची झाली होती. स्वयंपाक होऊन पडलेला. नाही म्हणू नका, असं तिनं हातच धरून सांगितलं.

प्रमोदिनी म्हणाली, "ह्यांचं सामान पोचवायचंय शाळेत."

"आमचेही कामातच आहेत, येतीलच जेवायला. त्यांना सांगते पोचवायला," अनुसूया म्हणाली. मग तिच्याकडे पाहत राहिली. "तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय."

अशा दिवशी सवाष्णीनं पान नाकारायचं नसतं. प्रमोदिनी स्वयंपाकघरात पाटावर बसली. अनुसूया पायानं पाळणा हलवत आग्रहानं वाढत होती. पाळण्यातलं मूल गोड होतं. प्रमोदिनीला स्वतःला मूल नव्हतं, तिची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जाई. पानातलं लिंबाचं लोणचं ओवा घातलेलं, अगदी तिच्या हातच्यासारखं. इकडेही ओवा घालतात तर, असं तिला वाटलं आणि तिनं ते मागून घेतलं. किती दिवसांनी कुणी तिला बसवून वाढत होतं. ह्यांना सांगायला हवं, ह्या घरचा फोटो फुकट काढून द्या म्हणून.

जेवण झाल्यावर अनुसूयेनं तिला माजघरात नेऊन बसवलं. हळदकुंकू लावलं, ओटीत तांदूळ, नारळ, खण घातला, आणि वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"माझी सवत. माझ्या लग्नाआधीच वारल्या त्या, मी काही त्यांना पाहिलं नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही जेवलात, म्हणजे आज त्याच जेवल्या."

मग कुंकवाचं बोट घेऊन ती भिंतीकडे वळली, आणि तिच्याबरोबर प्रमोदिनीचीही नजर वर गेली. ताज्या हाराच्या आड शालू नेसलेली, नथ घातलेली एक बाई बसली होती, वेणूबाईंना ओळखू न आलेली, तोंडावर देवीचा एकही व्रण नसलेली.