पुलाचा सांधा

डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवला होता आणि गाडी रेल्वेच्या रुळांवरून जात होती. पाणी नुसतं थरथरलं. खाली एक थेंब नाही.

"काय म्हणत होतो?" मेकॅनिकने मांडीवर थाप मारली. "बाई, म्हातारी चाळिशी ओलांडलेली आहे, पण पाळणा झालाय पाळणा!"

स्टिअरिंगमागे तिला आनंदाने रडू फुटायचंच काय ते बाकी होतं. आठवडाभर या मेकॅनिकने पिकअपखालून डोकं बाहेर काढलं नव्हतं. मागच्या स्प्रिंगांचे नऊ-नऊ जाड पाटे काढून त्यांच्या जागी पाच-पाच लांब, मऊ पाटे घातले. शॉकअब्सॉर्बर नवे, रबराचे बुश नवे, वळणावर गाडी कलू नये म्हणून खालून एक आडवा दांडा. जुने पाटे भंगारवाला घेऊनही गेला. तसले आता शोधून मिळायचे नाहीत, पण हवेत कुणाला?

वडिलांना हवे होते. "असू दे तिला आहे तशी," असं त्यांनी तीनदा सांगून पाहिलं.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? मणक्याला चीर आहे. एखादा जोराचा हादरा बसला तर पाय कायमचे जातील."

"जातील तेव्हा जातील. तू गाडीला हात लावू नकोस."

म्हाताऱ्याचा जीव त्या डबड्यात अडकलाय, दुसरं काय, असं म्हणून तिने कानाडोळा केला.

अडतीस वर्षं त्यांनी याच पिकअपमधून काच वाहिली होती. खिडक्यांची, दुकानांची, माणसाच्या उंचीचे आरसे. काच वाहणाऱ्याला रस्ता डोळ्यांनी नाही, बुडाने कळतो, असं ते म्हणायचे. शेवटी डोळे गेले तेही काचबिंदूने. "काचेनं सूड उगवला बघ," असं सांगून स्वतःच हसायचे. दोन वर्षं झाली होती. घरात पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागायचा.

पण दर गुरुवारी दवाखान्यात जायला पिकअपमध्ये बसले की त्यांचा नूर पालटायचा. धप्प झालं की म्हणायचे, "गिरणीचा कोपरा. जरा डावीकडे घे, पुढे गटाराचं झाकण वर आलंय." खडखड झाली की, "रूळ गेले. आता शाळा, हॉर्न वाजव." मग दोन दणके बसायचे, आधी पुढच्या चाकांचा, लगेच मागच्यांचा. "पुलाचा सांधा! दुसरा गिअर टाक, चढ आहे." एकदा तिने गंमत म्हणून दुसऱ्या गल्लीतून गाडी घातली, तर लगेच, "मला फसवतेस होय गं?" दवाखान्याच्या दारात सिस्टर दर वेळी विचारायच्या, "काय काका, आज कोणी आणलं?" आणि ते ऐटीत सांगायचे, "मीच की! ही नुसती स्टिअरिंग धरून बसली होती."

तिला मात्र दर दणक्याला त्यांचे घट्ट मिटलेले ओठ तेवढे दिसायचे.

आजही गुरुवार होता. तिने त्यांना अलगद चढवलं, पाठीमागे उशी लावली. गिरणीचा कोपरा गेला. गाडी वाऱ्यावर असल्यासारखी चालली होती.

"दुखतंय का, बाबा?"

"नाही."

"जरासुद्धा नाही?"

"नाही म्हटलं ना."

तिला आभाळ ठेंगणं झालं. रूळ गेले. शाळा गेली. आज बाबा गप्प आहेत, म्हणजे आराम पडलाय, असं तिला वाटलं. मग तिचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. त्यांनी दाराची मूठ गच्च धरली होती आणि मान वाकडी करून ते कसली तरी चाहूल घेत होते.

"पूल आला नाही अजून?" त्यांनी विचारलं.

पूल केव्हाच मागे पडला होता. दोन वर्षांत त्यांनी गाडीत बसून रस्ता कधी विचारला नव्हता. तिला सगळं एकदम कळलं.

"येईल आता," ती म्हणाली.

ते पुढे सरकून बसले. तळवे मांडीखाली घातले, सीटला टेकवले. पुलाची वाट बघत राहिले. तिने मुद्दाम रस्त्याच्या कडेचा एक खड्डा हेरला आणि देवाचं नाव घेऊन त्यात चाक घातलं. गाडी नुसती डुलली. मेकॅनिक आपल्या कामाला चोख होता.

मग गाडी थांबली. दार उघडल्याचा आवाज आला आणि औषधांचा वास आत आला.

"पोचलो?" ते म्हणाले. "आणि पूल?"

तिने पलीकडून येऊन त्यांना खाली उतरवलं. दारातून सिस्टर हसत पुढे आल्या. "काय काका, आज कोणी आणलं?"

"हिनं," ते म्हणाले, आणि कोणीतरी धरावा म्हणून त्यांनी हात पुढे केला.