अर्धी स्ट्रिप

उंदराच्या यकृताच्या पेशींतून मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारे कण, वेगळे काढायचे, त्यांत औषध घालायचं आणि त्यांनी धरून ठेवलेलं कॅल्शियम सुटतं का बघायचं, हे सुनेचं प्रयोगशाळेतलं काम. सांधेदुखीच्या एका औषधानं ते भसाभसा सुटलं, म्हणजे ते यकृताला घातक असल्याचं दिसलं, तेव्हा नवं काही सापडलं म्हणून ती हरखली होती. आता वॉर्डात काविळीनं पिवळ्याजर्द पडलेल्या सासूबाईंच्या उशाशी त्याच औषधाची अर्धी स्ट्रिप होती. महिन्यापूर्वी त्यांनी तीच सुनेपुढे धरली होती. "गुडघ्यांसाठी घेऊ का गं? तुला यातलं कळतं." सून त्याच औषधाच्या आलेखात डोकं खुपसून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "घ्या हो, आई." आता वॉर्डात डॉक्टरांनी स्ट्रिप उलटसुलट करून विचारलं, "आजी, ही कुणाला विचारून सुरू केलीत?" सुनेनं तोंड उघडलं. तेवढ्यात चादरीखालून सासूबाईंनी तिचा हात दाबला. "कुणालाच नाही हो. माझाच आगाऊपणा." सुनेनं तोंड मिटलं.