सदैव उपलब्ध

‘आमचे प्राध्यापक विद्यार्थ्यांसाठी सदैव उपलब्ध असतात’, असे या लहानशा, परवडणाऱ्या विद्यापीठाचे माहितीपत्रक सांगते. इतिहासाचे प्राध्यापक तर मरणोत्तरही उपलब्ध आहेत. ध्वनिमुद्रित व्याख्यानांतून नवऱ्याचा आवाज पुन्हा कानी पडेल, एवढ्याच आशेने त्यांच्या पत्नीने ऑनलाइन अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. पहिल्याच निबंधावर दिवंगतांच्या सहीनिशी शेरा आला: ‘अत्युत्तम!’ क्षणभर ती लाजली. मग तोच निबंध घेऊन थेट कुलसचिवांसमोर उभी राहिली. “हे त्यांचं नव्हे, भाऊजी. हयातभर ‘बरं आहे’च्या पुढे जीभ रेटली नाही त्यांची.” “शेरे आता संगणक देतो, वहिनी. सरांची सही तेवढी ठेवलीय.” “मेलेल्या माणसाला खोटं बोलायला लावता? काढा ती सही!” “अशी कशी काढू?” कुलसचिव कळवळून म्हणाले. “सर स्वतः निबंध वाचायचे, तेव्हा रोज तक्रारी यायच्या. ते गेल्यापासून एकही आलेली नाही.”