बाजूला बघणारी मुलगी

“फोन उचल आणि खोली दाखव. सगळी,” बाई म्हणाल्या.

पडद्यावरचा तेरा वर्षांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग फोन हलला. शिवणाचं मशीन दिसलं, शेजारी कपड्यांचा ढीग, लोखंडी कपाट, पलंग, रिकामी भिंत. दुसरा फोन नाही, संगणक नाही. भिंतीवर साधं कॅलेंडरसुद्धा नव्हतं.

“कानात काही नाही ना?”

मुलीने दोन्ही वेण्या मागे टाकल्या. आधी एक कान दाखवला, मग दुसरा. “बाई, मी चोरी करते असं वाटतं का तुम्हाला?”

बाईंना तसंच वाटत होतं.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाई घरबसल्या मुलांना बुद्धिबळ शिकवत. एका वेळी एकच मूल. त्यांच्या लॅपटॉपवरचा पट मुलाच्या पडद्यावर दिसायचा. मुलाने तोंडाने चाल सांगायची, बाईंनी सोंगटी सरकवायची. अकरा मुलांत ही सगळ्यांत साधी. घरचे तिला मुंगी म्हणत, बाईंच्याही तोंडात तेच बसलं होतं. चुकायची, जीभ चावायची, पुन्हा खेळायला बसायची. दोन महिन्यांपूर्वी तर एक आठवडा तिने कहर केला होता. वजीर फुकटात घालवला, आपलाच घोडा कुठे उभा आहे ते विसरली. बाई तिच्यावर चांगल्याच चिडल्या होत्या.

आणि मग काय झालं देव जाणे, पोरगी सुसाट सुटली. रविवारी मुलं पडद्यावरच एकमेकांशी खेळत; त्या सरावात मिसरूड फुटलेल्या मुलांना तिने एकेक करून लोळवलं. आज तर खुद्द बाईंना तेवीस चालींत गुंडाळलं. तरुणपणी मोठमोठ्या स्पर्धा गाजवलेल्या बाईंना!

खरं तर पेढे वाटावेत असा दिवस. पण एक गोष्ट बाईंना सलत होती. प्रत्येक चालीआधी ही मुलगी पडद्यावरून नजर काढायची आणि बाजूला बघायची. चांगली टक लावून. एका मुलाच्या वडिलांनी तर फोन करून विचारलंच होतं, “बाई, ती कुठे बघून खेळते हो?”

संगणकाकडून चाली चोरणारा एक मुलगा बाईंनी मागच्या वर्षी काढून टाकला होता. तोही असाच बाजूला बघायचा. आणि मोठ्या स्पर्धेसाठी एकाच मुलाचं नाव आज सहाच्या आत कळवायचं होतं. पाच वाजून गेले होते.

“डोळे मिट,” बाई म्हणाल्या. “तुझ्या पडद्यावरचा पट मी बंद करते. मिटल्या डोळ्यांनी खेळ माझ्याशी.”

मागची मशीनची घरघर थांबली. गळ्यात मापाची टेप अडकवलेली आई पुढे आली. “डोळे मिटून कोण खेळतं हो बाई? पोरीला काढायचंच असेल तर तसं सरळ सांगा.”

“आई, थांब ना गं.” मुंगीने डोळे मिटले. “प्यादं, ई चार.”

बाई जीव तोडून खेळल्या. दयामाया दाखवायची नाही हे त्यांनी ठरवलंच होतं. आपली चाल त्या मोठ्याने सांगायच्या आणि नजर त्या मिटलेल्या पापण्यांवर रोखून बसायच्या. दहाव्या चालीला मुलीच्या कपाळावर आठी पडली. पंधराव्या चालीला तिची बोटं हवेत काहीतरी सरकवू लागली. विसाव्या चालीला ती बोटं जागीच थांबली. आई टेपचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“हत्ती,” मुंगी म्हणाली. “एच सातचं प्यादं मारतो.”

हत्ती आयता मरत होता. विसरली बिचारी. त्यांनी राजाने हत्ती मारला आणि हळूच तसं सांगितलं.

“वजीर एच पाच. शह.”

बाई पटाकडे बघतच राहिल्या. राजाला मागे घेतलं, तर उंटाने वाट अडवली. दुसरीकडून काढावं, तर तिथे घोडा दबा धरून बसलेला. चार चालींत त्यांच्या राजाला पाय ठेवायला घर उरलं नाही.

“मात,” मुंगी म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच.

बाई खुर्ची सारून उभ्या राहिल्या आणि रिकाम्या घरात एकट्याच टाळ्या वाजवू लागल्या. हात लाल होईपर्यंत. “उघड, उघड डोळे! चुकलं गं माझं, बाळा. तुझं नाव आत्ताच्या आत्ता पाठवते.” तिच्यादेखतच त्यांनी ते पाठवलंही. आईने टेपच्या टोकानेच डोळे पुसले.

“पण एवढं सांग,” बाई म्हणाल्या, “चोरी करत नाहीस, तर मग दरवेळी बाजूला काय बघतेस?”

मुंगीने आईकडे पाहिलं. “रागावणार नाहीस ना?”

“आता कशाला रागावू? बोल.”

तिने कपाटाचं दार उघडलं. दाराला आतून आरसा होता. फोनची पुढची बाजू तिने आरशाकडे केली, आणि बाईंना आरशात तो फोन दिसला. मधोमध तडा गेलेला. एका बाजूला बाईंचा अर्धा चेहरा. दुसरी बाजू काळीठिक्कर.

“दोन महिन्यांपूर्वी पडला हातातून,” मुंगी पुटपुटली. “मावशीचा आहे. कळलं असतं तर तिने परत नेला असता, आणि शिकवणी बंद झाली असती.” तिने त्या काळ्या भागावर बोट ठेवलं. “इकडचा पट दिसतच नाही बाई. तेवढा मी त्या रिकाम्या भिंतीवर मनाने मांडून बघते.”