साफ

बनारसमधल्या गोदौलिया चौकातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात देवव्रतने मिररलेस कॅमेऱ्याला खिशात मावेल एवढी छोटी प्राइम लेन्स लावली. डावा डोळा गेल्यापासून त्याचं सगळं उजव्यावरच चालायचं. समोर बायको उभी. तिच्यावर फोकस करून त्याने फोटो काढला.

“साफ दिसत नाहीये.”

“झालं बनारसी मराठी सुरू!” पुण्याहून लग्न होऊन आलेली ऋता हसली. “स्पष्ट म्हण रे. आमच्याकडे साफ म्हणजे पार, अजिबात.”

दुकानदाराने लेन्स पुसून दिली. मग दुसरी दिली, तिसरी दिली. प्रत्येक वेळी देवव्रतचं तेच, “साफ नाही.”

“भैया, लेंस में कोई दिक्कत नहीं है,” दुकानदार वैतागला.

ऋताने कॅमेरा स्वतःकडे घेतला. सगळ्या फोटोंत तिच्या पापणीचा केस न् केस दिसत होता.

“अरे, किती सुंदर आलेत! हे बघ ना.” तिने स्क्रीन त्याच्यापुढे धरली.

तो स्क्रीनच्या बाजूलाच कुठेतरी बघत राहिला. मग चाचपडत त्याने तिचं मनगट धरलं.

“ऋता, साफ दिसत नाहीये. हे आता तुझं पुण्याचं साफ.”