पिवळी आत्या

सत्यमला ही बुद्धी कुठून सुचली, देव जाणे! कंपनीत कामं आखायचं जे सॉफ्टवेअर होतं, त्यातच त्यानं बहिणीच्या लग्नाचा सगळा बेत मांडला. आवतनासाठी नियम लावला: घरी जाऊन पत्रिका दिली की त्या नावाची ओळ आपोआप हिरवी, फोनवरच उरकलं तर पिवळी. वर कौतुकानं त्या यादीची लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून मोकळा.

पहिला फोन खुलताबादच्या दगडाबाई आत्याचा. "शहागंजची मामी हिरवी अन् मी पिवळी? सख्खी आत्या परकी झाली व्हय रं?"

मागोमाग काका, मावश्या, मावसकाका. सगळे पिवळेच अन् सगळेच तापलेले. शेवटी वैतागून सत्यमनं नियमच बदलला. पत्रिका असो की फोन, सरसकट हिरवा! आत्या निवळली, ग्रुप शांत झाला. त्यानं चहाचा कप तोंडाला लावला, तोच शहागंजच्या मामीचा फोन.

"आम्हाला घरी येऊन मानानं पत्रिका दिली, अन् आता त्या फोनवालीचा अन् आमचा रंग एकच व्हय? बरं झालं बाबा. आता लग्नात नवरीच्या मागं मामाच्या जागी तुझ्या आत्यालाच उभं कर!"